सायकसचा तक्ता

व्यासपीठावरचे आपले सगळे सर आणि बाई, आणि समोर बसलेले, चष्मे वरखाली करून एकमेकांना ओळखू पाहणारे १९९५ च्या दहावीचे माझे वर्गमित्र आणि मैत्रिणी, सगळ्यांना नमस्कार.

संयोजकांनी मला 'जपानवर दहा मिनिटं बोल' असं सांगितलंय. बुलेट ट्रेन, स्वच्छता आणि चेरीची फुलं यांवर तुम्ही व्हॉट्सॲपवर पुरेसं वाचलेलं आहे. म्हणून मी फक्त एका रविवारबद्दल आणि एका बागेबद्दल बोलणार आहे. तिथे मला आपली शाळा का आठवली, ते ओघात येईलच.

मागच्या नोव्हेंबरात कंपनीच्या कामासाठी मी तीन आठवडे टोकियोत होते. मधल्या रविवारी टीममधले बाकीचे डिस्नेलँडला गेले. मी आणि माझ्या टीममधली एक टेस्टर अशा दोघी कोइशिकावा वनस्पती उद्यानात गेलो. खरं कारण सांगायचं तर ते हॉटेलपासून जवळ होतं आणि तिकीट फक्त ५०० येन होतं. हाकुसान नावाच्या मेट्रो स्टेशनवर उतरलं की दहा मिनिटांची चाल. साध्या वस्तीतून जाणारा रस्ता, आणि एकदम समोर फाटक.

आत गेल्यावर कळतं की जागा केवढी आहे. जवळजवळ ४० एकर, आणि तीही टोकियोच्या पोटात! पण आपल्याकडच्या बागांसारखे फुलांचे ताटवे, कारंजी असलं काही नाही. वर माळावर उंच झाडं, मग उतार, आणि खाली तळ्यांच्या काठाने जुनी जपानी बाग. १६८४ मध्ये शोगुनच्या सरकारने इथे औषधी वनस्पतींची बाग केली. १७२२ मध्ये याच आवारात गरिबांसाठी फुकट दवाखाना निघाला. एका साध्या वैद्याने शोगुनच्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली आणि तेवढ्यावरून तो सुरू झाला, हे वाचून मला आपल्या शाळेतली सूचनापेटी आठवली. तिच्यात आपण काय काय टाकायचो, ते इथे सांगत नाही. त्या दवाखान्याची विहीर अजून आहे. १९२३ च्या भूकंपात आसऱ्याला आलेल्या लोकांना त्याच विहिरीचं पाणी पाजलं होतं. दुष्काळात लोकांना खायला मिळावं म्हणून १७३५ मध्ये इथे रताळ्याची प्रायोगिक लागवड झाली, त्याचं स्मारकही आहे. रताळ्याचं स्मारक! आमची आजी उपासाच्या दिवशी हे ऐकून खूश झाली असती.

न्यूटनच्या घरच्या सफरचंदाच्या झाडाचं कलम तिथे आहे. मेंडेलच्या मठातल्या द्राक्षवेलीचंही आहे. मूळ वेल पुढे तिकडे नष्ट झाला, तेव्हा इथूनच त्याचं कलम परत पाठवलं. आमच्या भाषेत याला बॅकअप म्हणतात.

तर, फाटकापासून जवळच एक सायकस आहे. तोच, आपल्या मुख्याध्यापकांच्या खोलीसमोरच्या गोल कट्ट्यातला. मी थांबलेच. आपण ज्याला शाळेचं झाड म्हणायचो ते मूळचं दक्षिण जपानचं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी समजलं.

आणि त्याहून पुढे गिंकोचं झाड आहे. जपानीत इचो. नोव्हेंबरअखेर ते पूर्ण पिवळंधमक झालेलं असतं. खाली पानांचा गालिचा वगैरे फोटोत छान दिसतं, पण फोटोत वास येत नाही. झाड मादी आहे. त्याच्या बिया खाली पडतात आणि त्यांच्या गराला खवट लोण्यासारखा वास येतो. नाकाला रुमाल लावून आम्ही पाटी वाचली.

पाटीवरची गोष्ट अशी. साकुगोरो हिरासे नावाचे एक गृहस्थ शाळेत चित्रकला शिकवायचे. पुढे ते टोकियोच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र विभागात चित्रं काढायला लागले. विद्यापीठाची पदवी नव्हती. दुसऱ्यांच्या संशोधनासाठी पानं, फुलं, काप हुबेहूब काढून द्यायचे, हे त्यांचं काम. मग सूक्ष्मदर्शकाखाली काप करायलाही शिकले आणि गिंकोच्या मागे लागले.

गिंकोचं परागण वसंतात होतं, पण फलन व्हायला सप्टेंबर उजाडतो. मधले काही महिने बियांच्या आत नेमकं काय चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाहायचं तर झाडावरून बिया आणून, पातळ काप करून, पुन्हा पुन्हा पाहत राहायचं. एक दिवस चुकला की वर्ष गेलं. १८९६ च्या सप्टेंबरात हिरासे यांना आतल्या द्रवात पोहणारी शुक्रपेशी दिसली. शेवाळात, नेच्यात अशा पोहणाऱ्या पेशी असतात हे माहीत होतं, पण बी धरणाऱ्या झाडात? तोवर कुणी पाहिल्या नव्हत्या. त्याच वर्षी सेइइचिरो इकेनो या प्राध्यापकांनी सायकसमध्येही तेच शोधलं. फाटकाजवळचा तो सायकस त्यांच्याच झाडाच्या फांदीपासून वाढवलेला.

पुढच्याच वर्षी हिरासे विद्यापीठ सोडून हिकोने गावातल्या शाळेत शिकवायला गेले. १९१२ मध्ये या शोधाला जपानच्या अकादमीचं मोठं पारितोषिक मिळालं, ते दोघांना मिळून. असं सांगतात की आधी ते एकट्या इकेनोंना द्यायचं ठरत होतं. हिरासेंना नसेल तर मलाही नको, असं इकेनोंनी कळवलं.

पाटीवर एवढं नव्हतं. उरलेलं मी फोनवर वाचून बरोबरच्या मुलीला मोठ्याने सांगत होते. सांगता सांगता इकेनोंच्या वाक्यापाशी आले आणि माझा आवाज बसला.

कारण असं की दोनच दिवस आधी, शुक्रवारी, मी एक सादरीकरण केलं होतं. ग्राहकाच्या यंत्रणेत महिनाअखेरीला काही नोंदी दोनदा पडत होत्या. आम्ही पाच पदवीधर इंजिनिअर आठ दिवस लॉग वाचत बसलो होतो. या मुलीने वहीत रकाने आखले, कुठला संदेश कोणत्या क्षणी कुठे पोचतो याची चित्रं काढली आणि दाखवलं, की उत्तर उशिरा आलं की यंत्रणा तोच संदेश पुन्हा पाठवते आणि दोन्ही नोंदले जातात. ती डिप्लोमावाली आहे, डिग्री नाही. तिची चित्रं मी संगणकावर नीट काढली, स्लाइडवर टाकली आणि खाली आम्हा इंजिनिअरांची नावं घातली. मुद्दाम नाही. तिचं नाव घालायचं माझ्या मनातच आलं नाही, आणि हे जास्त वाईट आहे.

ती म्हणाली, "ताई, वास सहन होत नसेल तर पुढे जाऊ या." मी तिथेच उभी राहून तिला सांगितलं, की शुक्रवारी माझं चुकलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, तशीच पद्धत असते."

सोमवारी मी ग्राहकाला आणि आमच्या वरिष्ठांना मेल लिहिलं. वरिष्ठांचं उत्तर आलं, 'याची गरज नव्हती.' बढतीच्या बैठकीत या वर्षी तिचं नाव मी मांडलं, पण पदवीच्या रकान्यापाशी ते अडलं. पुढच्या वर्षी पुन्हा मांडणार आहे.

आता शाळा. आपले चित्रकलेचे सर दुसऱ्या रांगेत बसलेत. सर, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सगळे तक्ते तुम्ही काढले होते. सुट्टीत, स्वतःच्या रंगांनी. अनावृतबीजी वनस्पती मला पाठ झाल्या त्या पुस्तकातून नाही, तुमच्या सायकसच्या तक्त्यावरून. त्या तक्त्यांवर शाळेचं नाव होतं, विभागाचं होतं, साल होतं. तुमचं नव्हतं. आणि दहावीत तुमचा तास गणिताला द्यावा, असा वर्गाच्या वतीने अर्ज कुणी लिहिला होता, हे तुम्हाला बहुतेक माहीत नाही. तो मी लिहिला होता. तुम्ही त्यावर सही करून 'हरकत नाही' असं लिहिलंत.

काल संध्याकाळी मी प्रयोगशाळेत जाऊन आले. सायकसचा तक्ता कपाटामागे मिळाला. एक कोपरा वाळवीने खाल्लाय, पण खालचा उजवा कोपरा शाबूत आहे आणि कोरा आहे. चहाच्या टेबलावर आणून ठेवलाय, सर. शेजारी पेनही ठेवलंय.