कोळशाचा जमाखर्च
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो कोळशाचा. मी बरीच वर्षे शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे हे काम माझ्याकडे येणे साहजिकच होते. पण खरे सांगायचे तर चंद्रपुरात कोळशावर बोलणे म्हणजे नाशकात द्राक्षांवर बोलण्यासारखे आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणींचे यजमान किंवा मुलगे खाणीत नाहीतर वीज केंद्रात कामाला आहेत. कोळसा तुम्हांला मी काय नव्याने दाखवणार? म्हणून मी एवढेच ठरवले आहे की, आपण बायका जशी घरखर्चाची वही लिहितो तशी कोळशाची वही आज मांडून पाहायची. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला खर्च. आजवर या मालाची जमेची बाजू पुष्कळांनी लिहिली. खर्चाचे पान मात्र बरेचसे कोरेच राहिले आहे.

प्रथम हा माल आला कोठून ते पाहू.

आपल्याकडे मे महिन्यात पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर जातो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. याच भूमीवर सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फ होते, असे म्हटले तर तुम्ही हसाल. पण आपल्याच जिल्ह्यात इरई गावाजवळ बर्फाच्या लाद्यांनी घासून गुळगुळीत केलेला, ओरखडे पडलेला खडक भूशास्त्रज्ञांना एकोणिसाव्या शतकात सापडला. त्या काळी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि दक्षिण ध्रुवाकडचा अंटार्क्टिका हे सारे एकाच भूखंडाचे भाग होते. त्या भूखंडाला शास्त्रज्ञांनी नाव दिले गोंडवन. ते नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून घेतलेले आहे. ज्या गोंड राजांचा परकोट आजही आपल्या शहराभोवती उभा आहे, त्यांच्या जमातीचे नाव जगातल्या प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

पुढे बर्फ वितळले. खोलगट भागांत दलदली झाल्या आणि त्यांत घनदाट अरण्ये वाढली. त्यांतल्या एका मुख्य झाडाचे नाव ग्लॉसॉप्टेरिस. त्याचे पान जिभेसारखे लांबट असे. कोळशाच्या थरांबरोबर सापडणाऱ्या खडकांत त्या पानांचे ठसे अजून शिरांसकट दिसतात. झाडे पडत, पाला साचत जाई, आणि वरून नद्या गाळ आणून टाकत. उघड्यावरचा पाला कुजून मातीला मिळतो, हे आपण परसात पाहतोच. पण लोणच्याच्या फोडी तेलाखाली बुडालेल्या असल्या की वर्षभर टिकतात, कारण त्यांना वारा लागत नाही. तसेच या पाल्याचे झाले. पाण्याखाली, गाळाखाली त्याला हवा मिळाली नाही. वरच्या थरांचे ओझे वाढत गेले, आतली उष्णता वाढत गेली, पाणी आणि वायू निघून गेले आणि मागे राहिला तो मुख्यतः कार्बन. तोच वर्धा नदीच्या खोऱ्यातला आपला कोळसा.

झाड वाढते ते उन्हाच्या जोरावर. हवेतला कार्बन डायॉक्साइड घ्यायचा, उन्हाची शक्ती वापरून त्यातला कार्बन अंगी मुरवायचा आणि प्राणवायू सोडून द्यायचा, हा झाडाचा संसार. म्हणजे कोळसा पेटवतो तेव्हा आपण कोट्यवधी वर्षांपूर्वीचे ऊन मोकळे करतो, आणि त्या ऊन्हाबरोबर साठवलेला कार्बनही मोकळा करतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा. खर्चाच्या पानावर ती पुन्हा यायची आहे.

खनिज तेलाचे आणि नैसर्गिक वायूचे कुळ थोडे वेगळे. समुद्रातले डोळ्यांना न दिसणारे जीव मरून तळाशी साचले, गाळाखाली दबले आणि उष्णतेने त्यांचे तेल व वायू झाले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर भर समुद्रात ‘सागर सम्राट’ या जहाजाने १९७४ साली असे तेल शोधले. तेच बॉम्बे हाय. तरीसुद्धा आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा फार मोठा वाटा आणि स्वयंपाकाच्या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून विकत आणावा लागतो. दूर कुठे लढाई सुरू झाली की आपल्या सिलिंडरची काळजी आपल्याला का लागते, याचे उत्तर यात आहे.

आता जमेची बाजू.

आपल्या जिल्ह्यात १८७० नंतरच्या दशकात वरोऱ्याला खाण सुरू झाली आणि कोळशासाठी रेल्वे आली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, राजुरा अशी नावे खाणींशी जोडली गेली. १९७३ साली खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८३ पासून चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र सुरू झाले. जुने संच गेले, नवे आले, आणि आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. सिमेंटच्या भट्ट्या कोळशावर चालतात. या साऱ्यांतून पगार आले, पगारांतून घरे उभी राहिली, मुलींची शिक्षणे झाली. आपल्या मंडळाची वर्गणीसुद्धा बहुतेक त्याच पैशांतून येते.

स्वयंपाकघराची जमा तर आपल्याइतकी कोणाला कळणार? ज्यांनी पावसाळ्यात ओले सरपण फुंकणीने फुंकले आहे, डोळ्यांतून पाणी काढत भाकरी थापल्या आहेत, त्यांना गॅसची किंमत सांगावी लागत नाही. चुलीचा धूर हा नुसता त्रास नव्हे. तो बायकांच्या आणि त्यांच्या मांडीवरच्या लेकरांच्या फुप्फुसांचा शत्रू आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गरीब घरांतल्या कोट्यवधी बायकांकडे गॅसची शेगडी आली. ही जमा मी हातचे राखून मांडणार नाही. जी बाई अजून धुरात बसली आहे तिला पर्यावरणाचे नाव सांगून गॅस नाकारणे हा अन्याय होईल.

आता पान उलटू.

समजा, तुमच्या घरी महिन्याला शंभर युनिट वीज लागते. आपल्या कोळशावर एक युनिट वीज करायची तर ढोबळ मानाने दोन तृतीयांश किलो कोळसा जाळावा लागतो. म्हणजे शंभर युनिटांना सहासष्ट-सत्तर किलो. गव्हाचे एक मोठे पोतेच म्हणा ना. आपल्या देशातल्या कोळशात राख फार. शंभरात तीस-चाळीस भाग. तेव्हा त्या पोत्याची वीस-पंचवीस किलो राख होते. आणि कार्बन डायॉक्साइड? तो भरतो नव्वद ते शंभर किलो.

तुम्ही म्हणाल, बाई, तुमचा हिशेब चुकला. सत्तर किलोंतून राख काढून पुन्हा शंभर किलो कसे निघाले? हिशेब बरोबर आहे. जळताना कोळशातला एकेक कण हवेतला प्राणवायू स्वतःला जोडून घेतो, आणि त्या प्राणवायूचे वजन त्यात मिळते. गॅसचेही तसेच. १४.२ किलोचा सिलिंडर संपतो तेव्हा तो रिकामा झाला असे आपण म्हणतो. खरे म्हणजे त्याचे सुमारे बेचाळीस किलो कार्बन डायॉक्साइड होऊन खिडकीबाहेर गेलेले असते. राख दिसते म्हणून तिची तक्रार तरी होते. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणून तो वहीत कोणी लिहिला नाही.

त्याची नोंद पहिल्याने घेणाऱ्यांत एक बाई होती, हे मला तुम्हांला आवर्जून सांगायचे आहे. अमेरिकेतील युनिस फूट. तिने काचेची दोन नळकांडी घेतली, त्यांत उष्णतामापक ठेवले, वेगवेगळ्या हवा भरल्या आणि ती उन्हात मांडली. कार्बन डायॉक्साइड भरलेले नळकांडे जास्त तापले आणि सावलीत नेल्यावरही लवकर निवेना. १८५६ साली तिने लिहिले की, हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी अधिक उष्ण होईल. तिचा निबंध विद्वानांच्या सभेत एका पुरुष शास्त्रज्ञाने वाचून दाखवला, आणि पुढे दीडशे वर्षे तिचे नाव जवळजवळ कोणाला आठवले नाही.

तिने सांगितले तेच झाले आहे. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. पृथ्वीचे सरासरी तापमान एक अंशाहून अधिक वाढले आहे. एक अंश ऐकायला थोडा वाटतो. पण अंगात एक अंश ताप आला तर पोराला आपण शाळेत पाठवतो का? उष्णतेच्या लाटा वाढल्या. पाऊस येतो तो मुसळधार, नाहीतर तोंड फिरवतो. कापूस आणि धान पिकवणाऱ्या आपल्या नातेवाइकांना हे पुस्तकात वाचावे लागत नाही. निसर्गाने जे कोट्यवधी वर्षांत साठवले ते आपण दोनशे-अडीचशे वर्षांत जाळू पाहतो. पिढ्यांनी जमवलेला ठेवा एका लग्नात उडवला, तर त्या घराला आपण काय म्हणतो?

हा झाला जगाचा खर्च. आपल्या गावाचा वेगळाच आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक भागांची प्रदूषणाच्या गुणांवर यादी केली, तीत चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता. शाळेत चौथा नंबर आला तर पेढे वाटतात; या चौथ्या नंबरचे काय वाटायचे? कोळशाच्या राखेत पारा, आर्सेनिक अशा विषारी द्रव्यांचा अंश असतो. चुलीच्या राखेसारखी ती भांड्यांना किंवा तुळशीला घालायची चीज नव्हे. सिमेंटसाठी आणि विटांसाठी ती वापरावी, असे नियम १९९९ पासून आहेत, आणि ते चांगलेच आहेत. पण जी उडते ती उडतेच. धुळीचा जो कण डोळ्यांना दिसत नाही तो छातीत सर्वांत खोल जातो. उघड्या खाणींसाठी माती उपसून तिचे डोंगर झाले, जंगल मागे हटले, आणि ताडोब्याकडची जनावरे गावांच्या वेशीपर्यंत येऊ लागली.

आणखी एक रकम लिहायची आहे. इथली वीज तारांवरून साऱ्या महाराष्ट्रात जाते. मुंबई-पुण्याच्या दिव्यांतही तिचा वाटा असतो. उजेड तिकडे पोहोचतो. राख पोहोचत नाही, ती इथेच राहते. मी कोणाशी भांडण लावायला उभी राहिलेली नाही. तिकडेही आपल्याच लेकी-सुना राहतात. पण एका वहीतली जमा एका घरात आणि खर्च दुसऱ्या घरात, असा हिशेब फार दिवस चालू नये, एवढे म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे.

मग काय, उद्या खाणी बंद करायच्या? असे मी म्हणणार नाही. ज्या घरात महिन्याचा पगार खाणीतून येतो त्या घरातल्या बाईसमोर असे बोलणे सोपे नाही, आणि न्यायाचेही नाही. पण खाण ही विहीर नव्हे. तिला पाझर नाही. वरोऱ्याची खाण विसाव्या शतकाच्या आरंभीच बंद झाली. उरलेल्याही एक दिवस बंद होतील, कोळसा संपून नाहीतर गरज संपून. त्या दिवशी आपल्या मुलांच्या हाती दुसरे काम असेल की नाही, हा खरा प्रश्न आहे. मुलगा खाणीत लागेल म्हणून त्याचे शिक्षण अर्धे सोडवू नका. नव्या विजेची कामे तो शिकू शकतो, आणि मुलगीही शिकू शकते.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना ठेवते.

पहिली, प्रत्येकीने घरच्या विजेचे युनिट आणि सिलिंडर लावल्याची तारीख वर्षभर वहीत लिहावी. डाळ-तांदूळ आधी भिजवून कुकरला लावले, उकळी आल्यावर आच मंद केली, साठ वॉटचा जुना दिवा काढून नऊ वॉटचा एलईडी लावला, तर फरक पानावर दिसेल.

दुसरी, ज्यांच्या घरावर गच्ची आहे त्यांनी सौर विजेची चौकशी करावी. एक किलोवॉटच्या तावदानांतून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. महिन्याचे एकशेवीस झाले. मघाचे कोळशाचे पोते त्यात वाचते. २०२४ पासून यासाठी केंद्र सरकारची अनुदानाची योजना आहे. ज्या उन्हाला आपण उन्हाळाभर बोल लावतो तेच कामाला लागेल.

तिसरी, गावातल्या हवेची मापे घेतली जातात आणि ती जाहीर होतात. मंडळाच्या दोघीजणींनी ती दर आठवड्याला पाहून आपल्या फळ्यावर लिहावीत. मापे वाईट असली तर महानगरपालिकेकडे आणि प्रदूषण मंडळाकडे आपण सगळ्यांनी मिळून जावे, आणि आकडे लिहून न्यावेत. तक्रार घेऊन गेलेल्या बाईला ‘पाहू’ म्हणून परत पाठवता येते. आकडे घेऊन गेलेल्या पन्नास बायकांना तसे पाठवणे जड जाते.

पुढल्या वर्धापनदिनी भाषणाऐवजी या वह्या वाचाव्यात, अशी माझी विनंती आहे.