नाशिकची देवळे पाहताना



नाशिकला येणाऱ्या कुटुंबाचा दिवस बहुधा ठरलेला असतो. सकाळी रामकुंडावर स्नान, मग रिक्षाने ‘पंचवटी दर्शन’, काळाराम, सीतागुंफा. दुपारच्या जेवणानंतर त्र्यंबकेश्वर आणि रात्री परतीची गाडी. पाच-सहा देवांना हात जोडून होतात, प्रसादाचा पुडा पिशवीत पडतो आणि यात्रा सफळ झाल्याचे समाधान घेऊन मंडळी घरी जातात. या श्रद्धेला उणे लेखण्याचे कारण नाही. परंतु ‘दर्शन’ या शब्दाचा मूळ अर्थच पाहणे असा आहे. २०२७ च्या सिंहस्थानिमित्त लक्षावधी भाविकांची पावले गोदाकाठाकडे वळणार आहेत. त्यांनी ही देवळे डोळे उघडे ठेवून पाहिली, तर दगडही बोलू लागतील.

पहिला प्रश्न असा की, इतक्या प्राचीन तीर्थक्षेत्रातील बहुतेक मोठी मंदिरे अठराव्या शतकातीलच का? मोगल अमलात या नगरीचे नाव गुलशनाबाद होते. अठराव्या शतकाच्या मध्यास येथे पेशव्यांचा अंमल स्थिर झाला, ‘नाशिक’ हे नाव पुन्हा रूढ झाले आणि पुढील चाळीस-पन्नास वर्षांत गोदेचे दोन्ही तीर शिखरांनी भरून गेले. स्वराज्य स्थिरावले की समाजाची निर्मितीशक्ती कशी उमलून येते, याचा हा पाषाणातील पुरावा होय.

सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधलेले रामेश्वराचे मंदिर याची साक्ष देते. लोक त्याला नारोशंकराचे देऊळ म्हणूनच ओळखतात. त्याच्या बाह्यांगावरील कोरीव काम पाहण्यास अर्धा तासही अपुरा पडतो. प्रवेशद्वारावरील प्रचंड घंटा ही १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकून घेतली, त्या विजयाची खूण मानली जाते. गोदेचा पूर कुठवर चढला हे सांगताना नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे आणि या घंटेकडे बोट दाखवतात. विजयाचे स्मारक लोकजीवनात किती सहज मिसळून जाते!

पलीकडच्या काठावर गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये उभारलेले सुंदरनारायणाचे मंदिर आहे. वसंतसंपाताच्या सुमारास, म्हणजे २१ मार्चच्या आसपास, उगवत्या सूर्याचे किरण थेट मूर्तीच्या चरणांवर पडावेत अशी त्याची रचना आहे. त्या काळातील स्थपतींचे दिशा आणि काल यांचे ज्ञान यातून दिसते. काळाच्या ओघात झिजलेल्या या वास्तूच्या जीर्णोद्धाराचे काम राज्याच्या पुरातत्त्व विभागाला हाती घ्यावे लागले. मंदिर बांधणे हे एका पिढीचे कर्तृत्व. ते टिकवणे हे पुढील सर्व पिढ्यांचे कर्तव्य असते.

याहून प्राचीन शिल्पवैभव पाहायचे असेल, तर सिन्नरला जावे. यादवकालीन गोंदेश्वर हे शिवपंचायतन आहे. मध्यभागी महादेव आणि सभोवती सूर्य, विष्णू, पार्वती व गणेश यांची लहान देवालये. निरनिराळ्या उपासनांना एकाच अंगणात मानाची जागा देणारी ही रचना म्हणजे आपल्या परंपरेच्या विशाल मनाचे प्रतीक आहे.

रामकुंडावरच्या उंचवट्यावरील कपालेश्वराची कथा तर अधिकच अर्थपूर्ण आहे. येथे शिवासमोर नंदी नाही. आपल्याला पापमुक्तीचा मार्ग नंदीने दाखवला, तेव्हा तो गुरू झाला. गुरूने समोर सेवकासारखे बसू नये, असे महादेवांनी म्हटल्याची आख्यायिका आहे. ज्याला आपण वाहन समजतो, त्याच्याकडून शिकण्यात देवाधिदेवालाही कमीपणा वाटला नाही.

ही कथा मनात ठेवूनच काळारामाच्या दाराशी जावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकर यांनी हे मंदिर उभारले. रामशेजच्या डोंगरातील काळ्या दगडाचे हे काम दोन हजार कारागीर बारा वर्षे करीत होते, असे सांगितले जाते. वास्तू भव्य आहे, प्रमाणबद्ध आहे. पण तिच्या दारांचा इतिहास वाचल्याशिवाय तिचे दर्शन पुरे होत नाही.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकमध्ये हजारो सत्याग्रहींची मिरवणूक निघाली. दारे बंद होती. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी चारही दारांशी बसली. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा नेटाने चालवला. रामनवमीच्या उत्सवातील रथयात्रेच्या दिवशी, ९ एप्रिलला, रथ ओढण्यावरून संघर्ष झाला, दगडफेक झाली. हा लढा केवळ मूर्तिदर्शनासाठी नव्हता, माणूस म्हणून समान हक्कासाठी होता. सुमारे पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला.

ज्या रामाने निषादराजाला आलिंगन दिले, शबरीची बोरे गोड मानून घेतली, त्याच रामाचे दार त्याच्या लेकरांना बंद राहिले. हे दार कोणा परकीय आक्रमकाने लावलेले नव्हते. ते समाजाने स्वतःच्या हाताने लावले होते. त्याच काळात, १९३१ मध्ये, रत्नागिरीत भगूरच्या सुपुत्राने, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी, भागोजी कीर यांच्या साहाय्याने सर्व हिंदूंसाठी पतितपावन मंदिर उघडले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरच्या विठ्ठलासाठी प्राण पणाला लावले आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. वाट माहीत नव्हती असे नाही. चालण्याची तयारी अनेकांची नव्हती.

म्हणून पुढच्या वेळी मुलाबाळांना घेऊन काळारामाला जाल, तेव्हा दर्शनाच्या रांगेत घाई करू नका. शिखराकडे बोट दाखवून ओढेकरांचे नाव जरूर सांगा. मग दाराशी क्षणभर थांबा आणि १९३० साली येथे उन्हात बसलेल्या त्या १२५ पुरुषांची आणि २५ स्त्रियांचीही गोष्ट सांगा. मुले विचारतील, “त्यांना आत का जाऊ दिले नाही?” त्या प्रश्नाला टाळाटाळीचे उत्तर देऊ नका. आपल्या गावच्या देवळात, पंगतीत, पाणवठ्यावर आज असे एखादे दार उरले आहे का, हे त्याच वेळी मनाशी तपासा. उरले असेल, तर घरी परतल्यावर ते उघडणे हीच त्या यात्रेची सांगता ठरेल.