उंबराखालची न लावलेली झाडं

(मे महिन्यातल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, थोड्या दुरुस्तीसह)



संयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील माझा प्रवास' असा विषय दिला होता. तो मी बदलून मागितला. जेवणानंतर आपण नव्या रंगमंचाचा ठराव करणार आहोत, आणि त्यासाठी प्रयोगशाळेमागचा उंबर तोडायचा, असं आराखड्यात दिसतंय. मला त्या उंबराबद्दल बोलायचंय. पंधरा मिनिटं द्या, मग जेवायचंच आहे.

आठवीत बाईंनी आपल्याला 'बीजप्रसार' शिकवला होता. वारा, पाणी, प्राणी आणि फळ तडकणं. चार मार्ग, चार गुण. बाईंनी प्रत्येक मार्गाचा नमुना आणायला सांगितलं होतं. सावरीच्या आणि रुईच्या म्हाताऱ्या वर्गभर उडाल्या, कुणीतरी पिशवीभर तेरड्याची बोंडं आणून मागच्या बाकावर फोडली, आणि आम्हा मुलींच्या स्कर्टला तर नमुने आधीच लागलेले होते, आघाड्याचे. पाण्याचा नमुना म्हणून एकाने अख्खा नारळ आणला आणि मधल्या सुट्टीत तो फोडून खाल्ला. नाव सांगत नाही, तो समोरच बसलाय.

बी कसं जातं, हे आपण पाठ केलं. ते का जातं, हा प्रश्न मला पडायला चाळिशी उलटावी लागली. जेन्झन आणि कॉनेल या दोन शास्त्रज्ञांनी १९७० आणि १९७१ मध्ये, एकमेकांशी न बोलता, या प्रश्नाचं जवळपास एकच उत्तर मांडलं. आईच्या पायाशी पडलेल्या बियांना नुसती सावलीच नडते असं नाही. त्या झाडाची चटक लागलेले किडे, त्याच्यावर वाढणारी बुरशी, बी कुरतडणारे उंदीर, हे सगळे तिथेच दबा धरून असतात. म्हणून शेकडो बिया रुजल्या तरी बहुतेक मरतात. जे बी दूर जातं, त्याला या शत्रूंपासून सुटायची संधी मिळते. शिवाय आईखालची जागा दुसऱ्या जातीच्या झाडाला मोकळी राहते. उष्ण प्रदेशातल्या जंगलात एकाच एकरात इतक्या तऱ्हेतऱ्हेची झाडं का दिसतात, याचं एक कारण यात आहे. आमच्या धंद्यात सगळी माहिती एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्याला घरी पाठवतात. झाडांना हे फार आधीपासून ठाऊक होतं म्हणायचं.

पण झाडाला पाय नाहीत. उष्ण कटिबंधातल्या पावसाच्या जंगलांत निम्म्याहून जास्त जातींची झाडं या कामासाठी प्राण्यापक्ष्यांवर विसंबून असतात. गर ही वाहतुकीची मजुरी. आमची आजी पहाटे उंडीखाली नाही, तर शेजारच्या फणसाखाली उंड्या वेचायला जायची. वटवाघळं उंडी तोडून दुसऱ्या झाडावर नेतात, लटकून वरचा गर कुरतडतात आणि बी खाली टाकतात. त्या बियांचं कडू तेल आमच्या घरी दिव्याला असायचं. आजीला 'बीजप्रसार' हा शब्द माहीत नव्हता, पण वाहतूकदार कुठे माल उतरवतो हे पक्कं माहीत होतं.

सगळेच वाहतूकदार सारखे नसतात. बुलबुलाच्या चोचीत बारीक फळ मावतं, रानजायफळ मावत नाही. ते लाल जायपत्रीसकट गिळायला धनेशासारखा पक्षी लागतो. आपल्याकडे दोन मोठे धनेश आहेत. एक महाधनेश, ज्याला जुनी माणसं गरुड म्हणतात, सुमारे एक मीटर लांब, उडताना पंखांचा आवाज आगगाडीसारखा. दुसरा कवड्या धनेश, आपला ककणेर. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा-मातीने तोंड लिंपून घेते. एक फट तेवढी ठेवते. पुढचे तीन-चार महिने नर त्या फटीतून एकेक फळ भरवत राहतो. ढोलीखाली बियांचा सडा पडतो. तिथे रोपांची गर्दी होते आणि त्यातली फारशी जगत नाहीत, तेच आईच्या सावलीचं दुखणं. खरं काम होतं ते नर दिवसभर रानोमाळ हिंडून वाटेत गिळलेल्या बिया टाकतो तेव्हा.

म्हणजे या पक्ष्याला दोन गोष्टी लागतात. ढोली असलेलं म्हातारं झाड, आणि जवळपास बारमाही फळं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं, बाकी खासगी मालकीचं. काजू लावायला किंवा लाकूड विकायला डोंगर साफ होतो, त्यात ढोलीचं झाडही जातं. त्या मालकांना दोष द्यायला मी उभी नाही, आमच्याही सामाईक जागेतला बेहडा असाच गेला आणि पैशांतला वाटा आम्ही घेतला. दिसताना डोंगर पुन्हा हिरवा होतो. पण वाहतूकदार गेला, तर मोठ्या बियांची उरलेली झाडं नुसती उभी राहतात. फळतात, आणि फळं खाली कुजतात. झाड शंभर वर्षं जगत असल्यामुळे हे आपल्या लक्षातही येत नाही.

यात आता हवामानाची भर पडलीय. ऊन वाढलं, पाऊस सरकला, की झाडांनाही पिढ्यान्‌पिढ्या सरकावं लागणार. २०२२ च्या जानेवारीत 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास आला. पक्षी आणि सस्तन प्राणी कमी झाल्यामुळे, ज्यांच्या बिया प्राणी नेतात अशा वनस्पतींची बदलत्या हवामानामागे सरकण्याची क्षमता जगभरात ६० टक्क्यांनी घटली, असा त्यातला अंदाज आहे.

आता आपलं आवार. २०१८ च्या मेळाव्यात वृक्षारोपणाचा ठराव मीच मांडला होता. टाळ्याही घेतल्या होत्या. आपल्या तुकडीच्या वर्गणीतून १५० रोपं आली, बहुतेक गुलमोहर, कारण रोपवाटिकेत ती तयार होती. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, हे मी नंतर वाचलं. काल संध्याकाळी मी मोजली. १७ उरली आहेत.

मग मी प्रयोगशाळेच्या मागे गेले. चिऱ्यांचा जुना गडगा आहे ना, त्याच्या आत गुरं जात नाहीत आणि वणवाही पोचत नाही. निवृत्त शिपाई मामा बरोबर होते, नावं त्यांनीच सांगितली. जांभूळ, ओवळ, चांदाडा, काजरा, दोन भेरली माड. माझ्या कमरेपेक्षा उंच अशी ४३ झाडं, ९ जातींची. मी म्हटलं, मामा, ही कुणी लावली? ते म्हणाले, "कोन लावनार? पाखरांनी हगली." भेरली माड बहुधा कांडेचोराची कृपा.

ती सगळी उंबरामुळे आली. उंबर वर्षातून अनेकदा फळतो आणि सगळे उंबर एकाच वेळी फळत नाहीत, त्यामुळे इतर झाडं रिकामी असतानाही कुठेतरी पंगत सुरू असते. फोडल्यावर उडणारी ती केंबरं, त्यांच्या जातीशिवाय उंबराचं परागीकरणही होत नाही. जेवायला आलेला प्रत्येक जण दुसरीकडे खाल्लेल्याच्या बिया इथे टाकतो. काल सहा वाजता त्यावर ककणेराची जोडी होती. मी दहावीपर्यंत या शाळेत रोज आले आणि ककणेर कधी मान वर करून पाहिला नाही.

बांधकाम समितीचं म्हणणं खोटं नाही. उंबरं पडून घाण होते, माकडं येतात, पत्रे फुटतात. रंगमंचही हवाच आहे, आपण पावसात ताडपत्रीखाली नाटकं केली आहेत. माझी सूचना एवढीच, की रंगमंच मैदानाच्या पश्चिम कडेला न्यावा. जोत्याचा खर्च वाढेल, असं आपला कंत्राटदार मित्र म्हणतो. वाढीव खर्चातला माझा वाटा मी दुप्पट देईन. आणि यंदाच्या वृक्षारोपणाच्या पैशांतून रोपं आणू नयेत, गडग्याचे पडलेले चिरे बसवावेत आणि दर जानेवारीत भोवतीचं गवत कापून घ्यावं.

जेवणाआधी ज्यांना बघायचंय त्यांनी माझ्याबरोबर मागे चला. बाई, तुम्हीही या, मामांनी तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय. पायाखाली पिकली उंबरं आहेत, जरा जपून.