जात्यावरचा इतिहास

ज्यांना लिहिता येत नाही त्यांना इतिहास नसतो, असा एक सुशिक्षित समज महाराष्ट्रात दीर्घकाळ नांदत आला आहे. पुरोगामी कार्यकर्तेही त्यातून सुटलेले नाहीत. गावात जायचे, भाषण ठोकायचे, पत्रके वाटायची आणि परतीची एस. टी. गाठायची, गावाने सांगावे व कार्यकर्त्याने ऐकावे, यास कार्यक्रमपत्रिकेत जागाच नसते.

मूळचे फ्रान्समधील गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी ही रीत उलटी केली. डोंगराळ भागातील गरिबांमध्ये काम करताना त्यांनी ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या जमवण्यास प्रारंभ केला. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुराणिकाची सीता पातिव्रत्याचा आदर्श असते. ओवीतील सीता ही टाकलेली बाई असते. तिचा वनवास गाताना गाणारीचा सासुरवास आपोआप बोलू लागतो. दिवसाउजेडी जे उच्चारण्याची सोय नव्हती, ते पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीच्या आडोशाने सांगितले गेले. समोर बसून खुंट्याला हात लावणारी दुसरी बाई हीच त्या कथेची पहिली श्रोती.

ही परंपरा केवळ दुःखाची नव्हे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या दलित वस्तीत १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत भीमराव आहेत, रमाई आहेत, बुद्ध आहेत. बाबासाहेबांच्या निर्वाणाला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती. ज्या जात्यावर शतकानुशतके राम-सीता गायिले गेले, त्याच जात्यावर या स्त्रियांनी आपला मुक्तिदाता बसवला. त्यासाठी कोणा शाहिराची वा पंडिताची परवानगी घेतली नाही.

पिठाची गिरणी आली, याबद्दल मात्र हळहळण्याचे कारण नाही. ओव्यांच्या गोडव्याचे कौतुक करणाऱ्यांपैकी कितीजणांनी पायली-दोन पायली दळले आहे? कष्ट गेले ते उत्तमच झाले. प्रश्न त्या कष्टांसोबत जन्मलेल्या बोलीचा आहे. 'लोकपरंपरा' म्हटले की सांगणारीचे नाव सोयीस्करपणे पुसता येते. २०१७ पासून 'पारी'ने हा संग्रह प्रसिद्ध करताना ओवीसोबत गायिकेचे नाव, गाव व आवाजही दिला, ही गोष्ट म्हणूनच किरकोळ नाही.

१९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या तरुण स्त्रिया आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. त्याचा विधिमंडळातील इतिहास कागदोपत्री सुरक्षित आहे. खडीच्या ढिगाऱ्यावरचा इतिहास त्या स्त्रियांपाशी आहे, आणि त्यातल्या अनेकींच्या दारी अद्याप कोणी विचारावयास गेलेले नाही.