पोट धुऊन झाल्यावर

(मिशन रविवारी उपासनेनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्या देणग्यांतून आमच्या दवाखान्यात आजवर जे आलं ते डोळ्यांना दिसतं. खाटा आहेत, ऑक्सिजन आहे, बाळंतपणाची खोली आहे. आज ज्या कामासाठी बोलायला उभी आहे, त्यात फोटो काढून छापावं असं काहीच नाही. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी परिचारिका आहे. अलीकडे समुपदेशनाचं कामही माझ्याकडे असतं. एकदम पुष्कळ गोळ्या खाल्लेली किंवा फवारणीचं औषध प्यायलेली माणसं आमच्याकडे येतात. बहुतेक तरुण. गोळ्या घरात ज्या असतील त्या, तापाच्या, दुखण्याच्या, कुणा आजाऱ्याच्या उरलेल्या. यात एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. तापाच्या साध्या गोळ्या जास्त पोटात गेल्या तर पहिल्या दिवशी माणूस ठीक दिसू शकतो, आणि यकृताची खराबी एकदोन दिवसांनी कळते. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर दिला तर चांगला लागू पडतो. तेव्हा "आता बरी दिसते" म्हणून घरी थांबू नका, लगेच आणा.

डॉक्टर त्यांचं काम करतात. गरज असेल तर पोट धुतात, सलाईन लावतात, उतारा देतात. तिसऱ्याचौथ्या दिवशी पेशंट उठून चालू लागतो आणि नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, आता सोडा, घरी गुरं उपाशी आहेत." पोलिसांचा जबाब झालेला असतो, बिलाचं बोलणं झालेलं असतं. गोळ्या का खाल्ल्या, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. ज्या घरात ती रात्र झाली त्याच घरी ती परत जाते. दवाखान्यातून गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात.

एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय एकोणीस, धडगावकडची, लग्न झालेली. विचारलं की एकच उत्तर, "चुकून खाल्ल्या." नवरा, सासू, दीर खाटेभोवती बसलेले. त्यांना चहाला पाठवलं, पडदा ओढला, आणि आमच्या पावरी बोलणाऱ्या आयाबाईंना शेजारी बसवलं. मला पावरी कळते, पण मनातलं बोलायला माणसाला आपल्या बोलीत ऐकणारं कुणी लागतं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग हळूहळू आलं. मागच्या हंगामात ऊसतोडीच्या फडावर तिचं मूल पोटातच गेलं. मुकादमाची उचल अंगावर होती, म्हणून तिसऱ्या दिवशी ती मोळ्या बांधायला उभी राहिली. त्या मुलाबद्दल घरात एक शब्द कुणी काढला नाही. तेव्हापासून तिला झोप नव्हती.

मी सरळ विचारलं, "अजून मरावंसं वाटतं का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, अशी पुष्कळांना भीती वाटते. तसं होत नाही. उलट माणसाला हायसं वाटतं, की कुणीतरी तोंडानं म्हटलं एकदाचं. ती म्हणाली, रात्री वाटतं, दिवसा नाही.

त्यावरून पुढचं ठरलं. तिला नैराश्याचा आजार होता, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानं औषध सुरू झालं. हे औषध लागू पडायला काही आठवडे जातात, तेवढा काळ माणूस सांभाळावा लागतो. गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच द्यायच्या आणि नणंदेनं आपल्या पेटीत कुलपात ठेवायच्या, असं केलं. फवारणीचं औषध घरातून हलवायला सासऱ्यांना सांगितलं. रात्री जीव घाबरला तर कुणाला उठवायचं, हे तिच्याकडूनच वदवून घेतलं. तिनं सासूचं नाव घेतलं. मला वाटलं नव्हतं.

येणारा प्रत्येकजण मनाचा आजारी असतो असं नाही. काहींचं भांडण आणि गोळ्या यांत घटकाभराचंही अंतर नसतं. काहींचं मूळ दारूत असतं, काहींचं मारहाणीत. मारहाण असेल तिथे नुसतं औषध देऊन घरी पाठवणं मला पटत नाही.

आता जरा मंडळीबद्दल बोलते, रागावू नका. आपली माणसं मोठ्या प्रेमानं भेटायला येतात, केळी-बिस्किटं आणतात, आणि खाटेच्या पायथ्याशी उभी राहून पापाविषयी बोलतात. रतामाच्या झुडपाखाली एलीयानं मरण मागितलं तेव्हा देवदूतानं त्याला बोल लावला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातलं. भेटायला याल तेव्हा तेवढंच करा. बसा, ऐका, आणि गावात जाऊन बोलू नका.

पोलीस केसच्या भीतीनं लोक उशिरा येतात, तेही सांगायला हवं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या ११५व्या कलमानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आहे, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून त्याला उपचार व आधार देणं सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत राहिलेलं नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो, जबाब होतो, पण ही शिक्षेची वाट नव्हे. गावात गेलात तर एवढं जरूर सांगा.

आता पैशाचं. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक अभ्यास केला, त्यात आपलं चेन्नईही होतं. १,८६७ रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांशी जाण्याआधी तासभर बोलणं झालं, आणि नंतर १८ महिन्यांत ९ वेळा भेट किंवा फोन. नेहमीच्या उपचारांच्या गटात आत्महत्येनं हजारी २२ गेले, दुसऱ्या गटात हजारी २. त्या ९ भेटींत मोठं काही नव्हतं. कसं चाललंय, हे विचारायचं, आणि लागेल ती मदत मिळेल तिथे पाठवायचं.

आम्हाला हेच करायचं आहे. टेली-मानसचा १४४१६ हा फोन नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही चालतो, आणि तो आम्ही प्रत्येकाला देतो. पण डोंगरात पुष्कळ पाड्यांवर फोनला रेंजच नाही. तिथे माणूसच जावा लागतो. त्यासाठी पावरी आणि भिलोरी बोलणारी एक बाई, तिचा पगार, आणि मोटारसायकलचं पेट्रोल, इतकंच मागते आहे.

एक अडचण पैशानं सुटणारी नाही. दिवाळीनंतर आमच्या यादीतली कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. चौथ्या आणि सहाव्या महिन्याच्या भेटी तिथे फडावर व्हायला हव्यात. वर सांगितलेली मुलगीही यंदा जाणार आहे. बारडोली किंवा व्यारा बाजूला तुमचे कुणी नातेवाईक असतील, ओळखीची मंडळी असेल, तर उपासनेनंतर मला भेटा. मी चारच्या बसपर्यंत इथे आहे.