बाळंतिणीचे केस आणि चेहऱ्यावरचे वांग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाला जमलो की आपण पापड-कुरड्यांपासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळे बोलतो. पण केस गळतात, तोंडावर वांग येते, याविषयी बाई घरातही बोलत नाही. म्हणून आज हाच विषय घेतला. मी काही डॉक्टरीण नव्हे. दवाखान्यात विचारून आणि घरातली बाळंतपणे पाहून जे समजले, तेवढे सांगते.

दिवस गेल्यावर गालांवर, कपाळावर काळसर डाग पडतात, पोटावर बेंबीखाली काळी रेघ उमटते, ताणाचे वळ दिसतात. शरीरातल्या फेरफाराने हे होते. बाळंतपणानंतर काही महिन्यांत रेघ आणि वांग बहुधा फिके पडतात. वळ पुसट होतात, पण पुरते जात नाहीत. उन्हाने वांग वाढते, म्हणून शेतात जाताना डोक्यावरचा पदर पुढे ओढावा, छत्री घ्यावी. पण गोरे करणारे बिननावाचे मलम लावू नये. २०२३ साली अकोल्याच्या एकाच घरातल्या तीन बायकांच्या मूत्रपिंडाला अशाच मलमाने इजा झाल्याचे उघड झाले. त्यात पारा होता. डाग काही कोणाचा जीव घेत नाही, पारा मात्र घेऊ शकतो.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. शेवटच्या महिन्यांत अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना फार खाज सुटली, रात्री झोप लागेना, तर खोबरेल तेल चोळत बसू नका. यकृताचा दोष असू शकतो आणि त्यात बाळाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता केसांचे. एरवीही रोज पन्नास ते शंभर केस गळतातच. गरोदरपणात हे गळणे कमी होते, म्हणून वेणी दाट दिसते. बाळ झाल्यावर थांबलेले केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदमच उतरतात. फणीत झुबका आला की पोरगी घाबरते. माझ्या धाकट्या भावजयीला शेजारणींनी सांगितले, “अंगावर पाजतेस म्हणून केस जातात.” तिने पाजणे सोडायचे ठरवलेही होते. नर्सबाईंनी समजावले, तेव्हा कुठे बाळाचे दूध वाचले. पाजण्याने केस जात नाहीत. वर्षभरात ते बहुतेक पूर्ववत होतात. आपल्याकडे सिमेंटच्या धुळीलाही बोल लावतात. धुळीने केस राठ होतात हे खरे, पण बाळंतिणीचे केस गळतात ते या कारणाने नव्हे.

वर्ष उलटले तरी गळणे थांबत नसेल, दम लागत असेल, तर रक्त आणि थायरॉईड तपासून घ्या. रक्त कमी असले तरी केस जातात. सरकारी लोहाच्या गोळ्या गरोदरपणी आणि बाळंतपणानंतरही सहा-सहा महिने घ्यायच्या असतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आहे, त्याचीही तपासणी करा. तो आजार असेल तर लोह डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि सासूबाईंनो, बाळंतिणीला नुसत्या भातावर ठेवू नका. तुरीचे वरण, चवळी, तरोट्याची भाजी, जवसाची चटणी, अंडे, जे घरात असेल ते पोटभर द्या. केस डोक्यावर दिसतात, पण त्यांची मुळे ताटात असतात.

चाळिशीनंतर भांग रुंद होत जातो, तो प्रकार निराळा. त्यावर औषध आहे, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावे. गरोदर व पाजणाऱ्या बाईने ते लावू नये. गोल चट्टा पडला तर ती चाई, तीही दाखवावी. अंबाडा ताणून बांधला की कपाळावरचे केस मागे सरकतात, सैल बांधावा.

पुढच्या वेळी एखादी पोर फणीतला झुबका लपवताना दिसली, तर तिला हसू नका. तिला जवळ बसवा, ताट वाढा, आणि गरज वाटली तर सोबत दवाखान्यात चला. मंडळ त्यासाठीच आहे.