फीचा महिना आणि पिकाचा महिना

निजामी राजवटींत मराठवाड्यांतील मुलाला पदवी घ्यावयाची तर त्याला बहुधा हैद्राबादची वाट धरावी लागे. १९५० मध्यें नांदेडला पीपल्स कॉलेज निघालें, १९६१ मध्यें लातुरांत दयानंद शिक्षण संस्था उभी राहिली, १९७० मध्यें तेथेंच राजर्षी शाहू महाविद्यालय आलें आणि १९९४ मध्यें नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ स्थापन झालें. कॉलेज दाराशीं आलें. त्यांत पाऊल टाकण्यास लागणारा पैसाही दाराशीं आला, असें मात्र म्हणतां येणार नाहीं.

उदाहरणादाखल कंधार तालुक्यांतील पांच एकर कोरडवाहू शेतीचें एखादें कुटुंब घ्यावें. मुलीला चांगले गुण आहेत. तिला लातुरास ठेवावें असें आईचें म्हणणें आहे. जून महिना उजाडतो. घरांत होतें नव्हतें तें सोयाबीनच्या बियाण्यांत व खतांत मातीआड गेलेलें असतें, आणि नेमक्या त्याच सुमारास कॉलेजाची फी, खोलीचें भाडें व खाणावळीची आगाऊ रक्कम यांचा तगादा लागतो. माल मोंढ्यावर जाणार तो दसरा-दिवाळीच्या तोंडावर! मधले चार महिने काढण्याकरितां बाप आडत्याकडून उचल घेतो. पुढें पीक त्याच आडतीवर जातें आणि भावाविषयीं घासाघीस करण्याचें तोंड उरत नाहीं. हा तोटा कॉलेजच्या कोणत्याही फीपत्रकांत छापलेला नसतो. पण मुलीच्या शिक्षणाचा तो खर्चच होय.

सरकारी साहाय्याचें दार उघडतें तें तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यानें. पगारदाराचें उत्पन्न पगारपत्रकावर स्वच्छ दिसतें. शेतकऱ्याचें उत्पन्न तलाठ्याच्या अहवालावरून अजमासानें ठरतें. ज्या लातुरास २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें एका वर्षाचा अजमास दुसऱ्या वर्षीं किती खरा ठरावा? शिवाय आठ लाख रुपये ही एकच मर्यादा दोन रीतींनीं मोजली जाते. इतर मागासवर्गीयांच्या नॉन-क्रीमीलेअर दाखल्यासाठीं पगार व शेतीचें उत्पन्न हिशेबांत धरीत नाहींत. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्यासाठीं मात्र तीं दोन्ही धरतात. पुष्कळ पालक येथें फसतात आणि हक्काचा अर्जच करीत नाहींत.

२०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारनें आठ लाखांच्या आंतील उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेनें मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत, शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें. घरांतील विचार यामुळें बदलूं लागावा. ‘मुलाला लातूर, मुलीला तालुक्याचें कॉलेज’ असा निर्णय आजवर कित्येक घरांत फारसा वाद न होतां झालेला आहे, आणि त्याचें कारण दर वेळीं मुलीविषयींची अनास्थाच असे, असें नाहीं. पुष्कळदां तो दोन फियांचा साधा हिशेब असे. एक फी माफ झाली म्हणजे तो हिशेब पुन्हां मांडावा लागतो. तरी खोली आणि जेवण हीं उरतातच. ज्या शाहू महाराजांच्या नांवानें शुल्काची शिष्यवृत्ती चालते, त्यांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत बोर्डिंगें उभारण्यावर भर दिला होता, याचें येथें स्मरण होतें. वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीं स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठीं डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाचा निर्वाहभत्ता आहे. या दोहोंची चौकशी फीमाफीइतक्याच आस्थेनें करावयास हवी. पण गांवांत त्यांचीं नांवें फारशीं ऐकूं येत नाहींत.

अडचण आणखी एक आहे. मंजूर झालेली रक्कमही कित्येकदां वर्ष सरतां सरतां हातीं पडते. म्हणून दाखल्यांची धांवपळ निकालानंतर नव्हे, चैत्र-वैशाखांत, शेतीचीं कामें मंद असतांना उरकावी. शाळा सोडल्याचा दाखला, आधार व बँकेचें पुस्तक या तिन्हींवर मुलीचें नांव अक्षरशः एकच आहे कीं नाहीं हें पहावें, आणि बँकेचें खातें आधारशीं जोडून घ्यावें. एका वेलांटीच्या फरकानें अर्ज अडकतो. दुसऱ्या वर्षीं अर्जाचें नूतनीकरण करावें लागतें, हें पहिल्याच वर्षीं भिंतीवरील कालनिर्णयावर लिहून ठेवावें.

प्रवेशाच्या खिडकीपाशीं उभ्या राहिलेल्या बापानें शरमेनें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. माफी मिळणार असेल तर आज नेमके किती रुपये भरावयाचे, आणि उरलेले दिवाळीनंतर हप्त्यानें चालतील काय, हे दोन प्रश्न त्यानें विचारावे. आडत्याकडे जाण्यापूर्वीं विचारावे, आणि उत्तर शक्य तर लेखी घ्यावें.